लोप पद्धतीने एकसामयिक समीकरणं सोडवताना

दोन चलांतली दोन रेषीय समीकरणं सोडवायची म्हणजे क्ष आणि य यांच्या अशा किमती शोधायच्या, ज्या दोन्ही समीकरणांत एकाच वेळी बसतात. अडचण एवढीच की प्रत्येक समीकरणात अज्ञात दोन आहेत. लोप पद्धत त्यातलं एक अज्ञात घालवते. दोन समीकरणांची बेरीज किंवा वजाबाकी करून एकच चल असलेलं तिसरं समीकरण तयार करायचं. त्यातून त्या चलाची किंमत सरळ निघते आणि ती परत ठेवली की दुसऱ्याचीही मिळते.

पद्धत लवकर समजते. तरीही उत्तरं चुकतात, आणि चुकण्याच्या जागा अगदी ठरलेल्या आहेत: वजा करताना चिन्ह बदलायचं राहतं, गुणताना उजवी बाजू विसरते, छेद काढताना कंस गळतो. म्हणून पायऱ्या सांगतानाच या जागाही दाखवल्या आहेत.

आधी मांडणी

दोन्ही समीकरणांत क्षची पदं एकाखाली एक, यची एकाखाली एक आणि स्थिरपद बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे, एवढं झाल्याशिवाय बेरीज-वजाबाकीला हात लावू नये. समीकरणं अशी दिली असतील:

३य = २क्ष − १
५क्ष = १४ − ४य

तर पहिल्यात ३य उजवीकडे आणि १ डावीकडे नेऊन बाजू पालटायच्या, दुसऱ्यात ४य डावीकडे आणायचा:

२क्ष − ३य = १ … (१)
५क्ष + ४य = १४ … (२)

समीकरणांना क्रमांक द्या. पुढे ‘(१) ला ४ ने गुणून’ असं लिहिता येतं, आणि उत्तर चुकलं तर कुठल्या ओळीवर गाडी घसरली तेही सापडतं. एखाद्या समीकरणात एखादं चल नसेलच, तर त्याची जागा रिकामी सोडा किंवा तिथे ० लिहा. पदं सरकली की क्षमधून य वजा होतो, आणि तसं झाल्याचं बऱ्याचदा लक्षातही येत नाही. या उभ्या मांडणीला फार जुना इतिहास आहे: चीनमध्ये सुमारे २००० वर्षांपूर्वी मोजणीच्या काड्या रकान्यांत मांडून याच रीतीने समीकरणं सोडवली जात. तिथे चलांना नावं नव्हती. कुठला आकडा कशाचा, हे फक्त त्याच्या जागेवरून कळायचं.

सगळ्यांत सोपी स्थिती

५क्ष + ३य = ९ … (१)
२क्ष − ३य = १२ … (२)

यचे सहगुणक ३ आणि −३ आहेत, म्हणजे आकडा तोच आणि चिन्हं विरुद्ध. नुसती बेरीज केली की य जातो: ७क्ष = २१, म्हणून क्ष = ३. ही किंमत (१) मध्ये ठेवली की १५ + ३य = ९, म्हणजे य = −२. मग (२) मध्ये ताळा: ६ + ६ = १२. जमलं.

नियम असा: सहगुणकांची चिन्हं विरुद्ध असतील तर बेरीज, सारखी असतील तर वजाबाकी. इथे ज्या चलाचा लोप करायचा त्याचीच चिन्हं बघायची. दुसऱ्या चलाची किंवा स्थिरपदाची चिन्हं काहीही असोत, त्यांच्यावरून काही ठरत नाही.

समीकरणांची अशी बेरीज चालते का? चालते, कारण समीकरणाच्या दोन्ही बाजू म्हणजे एकच संख्या. समान संख्यांत समान संख्या मिळवल्या तर बेरजाही समान येतात. आलेखावर बघितलं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. प्रत्येक समीकरण ही एक रेषा, आणि उकल म्हणजे दोन रेषांचा छेदनबिंदू. बेरजेतून मिळालेलं समीकरण ही तिसरी रेषा, आणि तीही त्याच बिंदूतून जाते. अशा असंख्य रेषांतून आपण नेमकी अक्षाला समांतर असलेली रेषा निवडतो, वरच्या उदाहरणात क्ष = ३. तिच्यावरून किंमत थेट वाचता येते.

सहगुणक सारखे नसतील तर

६क्ष − ५य = ८ … (१)
४क्ष − ७य = −२ … (२)

इथे नुसत्या बेरजेने किंवा वजाबाकीने काहीच जात नाही. क्षचे सहगुणक ६ आणि ४, त्यांचा लसावि १२. म्हणून (१) ला २ ने आणि (२) ला ३ ने गुणायचं:

१२क्ष − १०य = १६ … (३)
१२क्ष − २१य = −६ … (४)

गुणताना तिन्ही पदं गुणली गेली पाहिजेत. ‘१२क्ष − १०य = ८’ असं लिहिणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. डावीकडच्या दोन पदांना गुणलं, की नजर बरोबरच्या चिन्हापाशी थांबते आणि ८ जसाच्या तसा खाली उतरतो. त्यावर उपाय म्हणून गुणताना आधी उजवी बाजू लिहा, मग डावीकडची पदं. उलट क्रमाने गेलं की विसरायला जागाच उरत नाही.

वजाबाकी: इथे सावकाश चला

आता (३) मधून (४) वजा करायचं. क्षची चिन्हं सारखी असल्याने वजाबाकीच हवी. एकेक पद बघू.

क्ष: १२क्ष − १२क्ष = ०
य: −१०य − (−२१य) = −१०य + २१य = ११य
स्थिरपद: १६ − (−६) = १६ + ६ = २२

म्हणून ११य = २२, य = २.

घाईत हीच वजाबाकी अशी होते: क्ष गेला, −१०य आणि −२१य मिळून −३१य, १६ मधून ६ गेले १०. उत्तर −१०/३१. ओळी नीटनेटक्या दिसतात, पण दोन पदांचं चिन्ह बदललेलंच नाही. वजा म्हणजे खालच्या ओळीतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलून बेरीज. ऋण पद वजा केलं की ते मिळवलं जातं. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन आणि ऋण राशींचे नियम दिले, तेव्हाही धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज असेच शब्द वापरले. अंगावरचं २१ चं कर्ज काढून घेतलं तर माणसाच्या हाती २१ ची भर पडते, हा अर्थ मनात ठेवला तर −(−२१) ला +२१ का होतो हे पाठ करावं लागत नाही.

यावर दोन उपाय आहेत. पहिला शाळेतला: वजा करायच्या ओळीतल्या प्रत्येक पदाखाली बदललेलं चिन्ह लहानसं लिहायचं, वरचं चिन्ह खोडल्यासारखं समजायचं आणि मग बेरीज करायची. चिन्ह तीन ठिकाणी लिहायचं, उजवीकडचंही.

दुसरा उपाय जास्त खात्रीचा: वजाबाकी करायचीच नाही. (२) ला ३ ऐवजी −३ ने गुणा:

१२क्ष − १०य = १६
−१२क्ष + २१य = ६

आता बेरीज: ११य = २२. चिन्हं गुणतानाच बदलली, आणि गुणाकारात ती बदलायला आपण विसरत नाही. वजाबाकीत वारंवार घसरत असाल तर हीच सवय लावून घ्या. एखादी ओळ जास्त लिहावी लागत नाही, आणि चुका डोळ्यांदेखत कमी होतात.

पुढचं सोपं. य = २ ही किंमत (१) मध्ये: ६क्ष − १० = ८, ६क्ष = १८, क्ष = ३. उकल (३, २).

कुठलं चल घालवायचं?

दोन्हीपैकी कुठलंही घालवलं तरी उत्तर तेच येतं, कष्ट मात्र कमी-जास्त होतात. आधी बघा, एखाद्या चलाचे सहगुणक आधीच सारखे आहेत का. नसतील तर एक सहगुणक दुसऱ्याच्या पटीत आहे का, उदाहरणार्थ ३ आणि ९. मग एकच समीकरण गुणावं लागतं. तेही नसेल तर लसावि लहान येईल ते चल घ्या. मात्र लसावि थोडा मोठा असला तरी विरुद्ध चिन्हांचं चल निवडणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. मांडणीतली जोडी परत बघा: २क्ष − ३य = १ आणि ५क्ष + ४य = १४. क्षचा लसावि १०, यचा १२. तरी य घालवावा. (१) ला ४ ने आणि (२) ला ३ ने गुणून ८क्ष − १२य = ४ आणि १५क्ष + १२य = ४२, बेरीज २३क्ष = ४६, क्ष = २, य = १. वजाबाकीचा प्रश्नच आला नाही.

एखाद्या चलाचा सहगुणक १ किंवा −१ असेल, तर तेच चल दुसऱ्याच्या रूपात लिहून ठेवणं, म्हणजे प्रतिस्थापन पद्धत, बहुधा तितकंच सोपं पडतं. तिथे लोप पद्धतीचा हट्ट नको.

अपूर्णांक आणि दशांश चिन्ह

छेद असलेल्या समीकरणांत आधी छेद घालवा, मग लोप.

क्ष/२ − य/३ = १
(क्ष + २)/३ − (य − १)/४ = ३/२

पहिल्याला ६ ने गुणून ३क्ष − २य = ६. उजवीकडचा १ सुद्धा ६ होतो, हे सुटतं. दुसऱ्याला १२ ने गुणल्यावर:

४(क्ष + २) − ३(य − १) = १८
४क्ष + ८ − ३य + ३ = १८
४क्ष − ३य = ७

मधल्या ओळीतला +३ नीट बघा. अपूर्णांकाची आडवी रेघ अंशाला कंसासारखी धरून ठेवते. छेद गेला की रेघही जाते, म्हणून कंस आपण घालायचा. तो न घालता ‘−३य − १’ किंवा ‘−३य − ३’ लिहिलं की पुढचं सगळं बिघडतं. छेद काढल्यावर लगेच कंस न सोडवता वरची कंसाची ओळ लिहाच. ती वाचवण्यात काही शहाणपण नाही.

पुढे ३क्ष − २य = ६ ला ३ ने आणि ४क्ष − ३य = ७ ला २ ने गुणा: ९क्ष − ६य = १८, ८क्ष − ६य = १४. वजा केल्यावर क्ष = ४, आणि य = ३.

दशांशांत समीकरणातल्या सगळ्यांत लांब दशांशाकडे बघून गुणायचं. ०.३क्ष − ०.०५य = ०.४ ला १०० ने गुणावं लागतं, आणि मग ३०क्ष − ५य = ४० येतं. ०.३ चे ३ आणि ०.०५ चे ५ करणं म्हणजे दोन पदांना वेगवेगळ्या संख्येने गुणणं, समीकरणच बदलतं. शेवटी ५ ने भागून ६क्ष − य = ८ करून घ्या. लोपाला लागण्याआधी दोन्ही समीकरणांतला सामाईक अवयव असा काढून टाकला तर आकडे हाताबाहेर जात नाहीत.

ताळा कुठल्या समीकरणात?

पहिली किंमत (१) मध्ये ठेवून दुसरी काढली असेल, तर ताळा (२) मध्येच घ्यायचा. कारण साधं आहे. समजा लोप करताना चूक झाली आणि क्षची किंमत चुकीची आली. ती (१) मध्ये ठेवून जो य काढला, तो (१) ला बसेल असाच काढला आहे. त्यामुळे (१) मधला ताळा नेहमी जुळतो आणि त्यातून काहीच कळत नाही. शिवाय ताळा प्रश्नात दिलेल्या मूळ समीकरणात घ्यावा. छेद काढतानाच चूक झाली असेल तर बदललेल्या समीकरणातला ताळा ती पकडणार नाही.

उत्तर अपूर्णांकात येतंय

३क्ष + ७य = ५ … (१)
५क्ष − २य = ३ … (२)

(१) ला २ ने, (२) ला ७ ने गुणून बेरीज केली की ४१क्ष = ३१, क्ष = ३१/४१. असं उत्तर आलं की माणूस बिचकतो आणि चूक शोधायला मागे जातो. चूक असेलच असं नाही. मात्र ३१/४१ परत ठेवून य काढत बसू नका. क्षचाही स्वतंत्र लोप करा: (१) ला ५ ने, (२) ला ३ ने गुणून १५क्ष + ३५य = २५ आणि १५क्ष − ६य = ९; वजा केल्यावर ४१य = १६, य = १६/४१.

दोन्ही वेळा ४१ आला, हा योगायोग नाही. सहगुणकांचा तिरकस गुणाकार करा: ३ × (−२) − ५ × ७ = −६ − ३५ = −४१. दोन्ही लोपांत चिन्ह सोडून हीच संख्या येते. लसावि वापरून गुणाकार छोटा केला असेल तर तिचा एखादा भाजक येतो. आधीच्या ६, −५, ४, −७ या जोडीत ती −२२ आहे, आणि आपल्याला ११ मिळाले होते. या संख्येला निश्चयक म्हणतात. पहिल्या लोपात ४१ आणि दुसऱ्यात २९ आले, तर कुठेतरी नक्की घोळ आहे, कारण २९ काही ४१ चा भाजक नाही.

दोन्ही चलं एकदमच गेली तर

निश्चयक ० असेल तेव्हा असं होतं. ४क्ष − ६य = १० आणि ६क्ष − ९य = १५ ही जोडी घ्या. ३ आणि २ ने गुणलं की दोन्हीकडून १२क्ष − १८य = ३० येतं, वजा केलं की ० = ०. दुसरं समीकरण नवीन काही सांगतच नाही; दोन्ही म्हणजे २क्ष − ३य = ५ ही एकच रेषा. उकली असंख्य: (१, −१), (४, १) आणि त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू. ‘क्ष आणि य काहीही’ असं मात्र लिहू नये. (०, ०) त्या रेषेवर नाही.

दुसऱ्या समीकरणात १५ ऐवजी १२ असतं तर ० = ६ आलं असतं. हे खोटं विधान आहे, म्हणजे उकल नाही. रेषा समांतर आहेत, त्या भेटतच नाहीत.

या दोन्हींत आणि ‘५य = ०’ यात गल्लत करू नका. तिथे य शिल्लक आहे आणि त्याची किंमत ० आहे. ती चांगली एकमेव उकल आहे.

सहगुणक अदलाबदल झालेले असतील

५७क्ष + ४३य = २४३
४३क्ष + ५७य = २५७

इथे लसावि काढायला बसलात तर २४५१ येतो. त्याऐवजी आधी बेरीज: १००क्ष + १००य = ५००, म्हणजे क्ष + य = ५. मग वजाबाकी: १४क्ष − १४य = −१४, म्हणजे क्ष − य = −१. या दोन सोप्या समीकरणांची बेरीज २क्ष = ४. क्ष = २, य = ३. आकडे मोठे दिसले की ते अदलाबदल झालेले आहेत का, हे एकदा बघून घ्यावं.

चल छेदात असेल

२/क्ष + ३/य = २ आणि ४/क्ष − ३/य = १ ही रेषीय समीकरणं नाहीत, पण १/क्ष ला म आणि १/य ला न म्हटलं की होतात: २म + ३न = २, ४म − ३न = १. बेरीज ६म = ३, म = १/२, न = १/३. इथे थांबून क्ष = १/२ लिहून टाकणं ही या प्रकारातली हमखास चूक. म म्हणजे १/क्ष, म्हणून क्ष = २ आणि य = ३.

२क्ष + ३य = ५क्षय, ४क्ष − ३य = क्षय अशी जोडी आली तर क्षय ने भागून याच रूपात आणतात आणि (१, १) मिळते. भागताना क्ष आणि य शून्य नाहीत असं आपण धरलेलं असतं. (०, ०) दोन्ही समीकरणांत बसते, तीही उकल आहे आणि वेगळी लिहावी लागते.

शाब्दिक उदाहरण

२० टक्के आणि ५० टक्के तीव्रतेची आम्लाची दोन द्रावणं मिसळून ३० टक्क्यांचं १२ लीटर द्रावण हवं आहे. पहिलं क्ष लीटर, दुसरं य लीटर, असं एककासह लिहून ठेवा. एक समीकरण एकूण द्रावणाचं, दुसरं फक्त आम्लाचं:

क्ष + य = १२
२०क्ष + ५०य = ३० × १२ = ३६०

दुसऱ्याच्या उजवीकडे नुसते ३० लिहिणं ही इथली चूक: डावीकडे लीटर आणि टक्के यांचा गुणाकार आहे, तर उजवीकडेही तोच हवा. १० ने भागून २क्ष + ५य = ३६. पहिल्याला २ ने गुणून वजा केलं की ३य = १२, य = ४, क्ष = ८. ताळा समीकरणात न घेता प्रश्नाच्या मजकुरात घ्या, कारण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर त्यातला ताळा जुळूनही उपयोग नाही. ८ लीटरमध्ये १.६ लीटर आम्ल, ४ लीटरमध्ये २ लीटर, एकूण ३.६, आणि १२ लीटरचे ३० टक्के ३.६ लीटरच.

मोजमापातून आलेले आकडे

सहगुणक प्रयोगातले किंवा मोजलेले असतील तर मधल्या पायऱ्यांत दशांश तोडू नका. क्ष + य = २ आणि क्ष + १.००१य = २.००१ यांची उकल (१, १) आहे. दुसऱ्यातलं २.००१ फक्त २.००२ केलं की वजाबाकीतून ०.००१य = ०.००२ येतं आणि उकल एकदम (०, २) होते. हजारावा भाग हलला आणि उत्तर पूर्ण एककाने सरकलं, कारण या दोन रेषा जवळजवळ समांतर आहेत. इथे निश्चयक ०.००१ आहे. सहगुणकांच्या मानाने निश्चयक असा फार लहान दिसला, तर लोप करण्याआधीच मोजमाप किती अचूक आहे ते तपासायचं.